गुमान पडलेल्या मेंदूचे धुरे

अकोल्याच्या रामदासपेठेत किंवा अमरावतीच्या राजापेठ भागात एमआरआय सेंटरच्या बाकड्यावर तासभर बसलं की अर्धं वऱ्हाड भेटतं. कुणी मूर्तिजापूरहून आलेला, कुणी दर्यापूरहून, कुणी पार अंजनगाव सुर्जीहून. एकाला झटके येतात, एकीचा डावा हात चार दिवसांपासून उचलत नाही, कुणाचं डोकं पावसाळ्यापासून दुखतं आहे. आत जाण्याआधी खिशातली चिल्लर, करदोड्याला बांधलेली किल्ली, जोडवी, मंगळसूत्र असं सगळं उतरवून नातेवाइकाच्या रुमालात बांधलं जातं. मग फळीवर आडवं करायचं, कानात बोळे, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल. टेक्निशियन एकच गोष्ट सांगतो, ‘काकाजी, हालू नका बरं. गुमान पडून राहा.’

पुढची वीस-पंचवीस मिनिटं काकाजी काहीच करत नाहीत. यंत्र ठोके देत राहतं, ते छताकडे पाहत राहतात. मनात वावरातली तूर येते, सोसायटीचं कर्ज येतं, परतीची एसटी येते. फोटो निघतात, फिल्म पाकिटात जाते.

त्या वीस मिनिटांत मेंदू काय करत असतो, हा प्रश्न विज्ञानाने फार उशिरा नीट विचारला. उत्तर समोर आलं तेव्हाही ते कित्येक वर्षं कुणाला खरं वाटेना. आणि ज्याने ते पहिल्यांदा पाहिलं तो अमेरिकेत शिकणारा एक भारतीय विद्यार्थी होता.

वऱ्हाडात धुरा या शब्दाला वजन आहे. दोन वावरांमधली ती गवताची पट्टी. तिच्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, कोर्टात तारखा पडतात. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १८६० नंतरच्या दशकात मुंबई पद्धतीच्या मोजणीने गावोगाव शंकू-साखळी फिरली, सर्वे नंबर पडले. मेंदूच्या जमिनीची मोजणीही साधारण त्याच वेळी सुरू झाली. १८६१च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबॉर्न्य नावाचा रुग्ण वारला. त्याला समजायचं सगळं, पण कित्येक वर्षं तोंडातून एकच अक्षर निघायचं, ‘तां’. पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू उघडून पाहिला, तर डाव्या बाजूला कपाळामागचा एक भाग सडलेला. बोलण्याची जागा इथे, असं ब्रोकाने मांडलं. मेंदूच्या सातबाऱ्यावरचा हा पहिला पक्का सर्वे नंबर.

१९०९ मध्ये जर्मनीच्या कॉर्बिनिअन ब्रॉडमनने वेगळी वाट धरली. त्याने मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि पेशींचे थर कुठे बदलतात ते पाहत ५२ पर्यंत क्रमांक दिले. भारी काळी जमीन कुठे संपते आणि बरड कुठे लागते हे पाहून धुरा आखावा, तसं हे काम. मेंदूची माती त्यावरून कळली, पीक मात्र कळलं नाही. ते कळण्यासाठी जिवंत माणूस हवा होता. माँट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड १९३०च्या दशकात मिरगीच्या रुग्णांची कवटी उघडून, रुग्ण जागा असतानाच, मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करत. इथे लावलं की अंगठा हलतो, तिथे लावलं की ओठाला मुंग्या येतात. त्यातून पायाच्या बोटांपासून जिभेपर्यंत शरीर मेंदूवर कसं ओळीने मांडलेलं आहे त्याचा तो प्रसिद्ध नकाशा तयार झाला. याच पेनफिल्डांच्या संस्थेत शिकून आलेल्या जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग उघडला.

या सगळ्या नकाशांना माणूस एकतर मेलेला लागत होता, नाहीतर उघड्या कवटीचा.

धडधाकट, जिवंत माणसाच्या आत काय चालतं, हे पाहण्याची धडपड १९२४च्या सुमारास दोन अगदी लांबच्या ठिकाणी सुरू झाली. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या. स्वतःच्या मुलालाही त्याने प्रयोगासाठी बसवलं. डोळे मिटून माणूस शांत झाला की सेकंदाला दहाच्या आसपास अशा संथ, सारख्या लाटा उमटत. डोळे उघडले की त्या मोडत. म्हणजे काही न करणारा मेंदू मुका नव्हता. बर्गरने हे पाच वर्षं जवळ ठेवलं आणि १९२९ मध्ये छापलं.

त्याच १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था उभी राहिली. स्वामी कुवलयानंद, म्हणजे आधी अमळनेरला शिकवणारे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी योगाभ्यास यंत्रांपुढे आणला. उड्डियान आणि नौली या योगक्रियांत पोटाच्या आत दाब किती बदलतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून जगापुढे ठेवलं. गूढ मानल्या जाणाऱ्या गोष्टीला मोजपट्टी लावण्याची ही हिंमत महाराष्ट्राच्या विज्ञानाच्या इतिहासात जेवढी आठवली जायला हवी तेवढी आठवली जात नाही. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेहून बसू कुमार बागची आणि एम. ए. वेंगर मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र घेऊन भारतात योग्यांच्या शोधात फिरले, तेव्हा लोणावळाही त्यांच्या वाटेवर होतं. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधून आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांचा योग्यांवरचा अभ्यास आला. त्यात थंडगार पाण्यात हात बुडवूनही दोन योग्यांच्या शांत लहरी मोडल्या नव्हत्या.

बर्गरच्या लहरींनंतरचा दुसरा धक्का हिशेबाचा होता. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली वीस टक्के तो एकटा खातो. एखादं अवघड काम सांगितलं की हा खर्च वाढत असेल, असं कुणालाही वाटेल. १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ आणि सीमूर केटी यांनी माणसांना तोंडी गणितं घालून मेंदूचा एकूण प्राणवायूचा खर्च मोजला. तो वाढलाच नाही. पुढच्या मोजमापांतही एखाद्या जागी वाढ दिसली तरी ती मूळ खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आतच राहिली. उरलेला सगळा खर्च कशावर होत होता? चाळीस वर्षं हा प्रश्न बहुतेक प्रयोगशाळांनी बाजूला ठेवला.

मधल्या काळात चुंबक आलं. एमआरआयच्या मुळाशी असलेल्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाच्या इतिहासात मुंबईचंही एक नाव आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला आर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी दाखवलं की साध्या अल्कोहोलमधले हायड्रोजनचे अणू एकाच सुरात उत्तर देत नाहीत. आपल्या रेणूत ते कुठे बसले आहेत त्याप्रमाणे तीन वेगळे सूर निघतात. यातले एस. एस. धर्माट्टी पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत असलेल्या त्या संस्थेत त्यांनी या विषयाचा पाया घातला.

अनुनादाचं हे तत्त्व शरीराचे फोटो काढायला वापरलं जाऊ लागलं ते १९७०च्या दशकात. आज जिल्ह्याच्या गावी दिसणारं नेहमीचं दीड टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट जोरदार असतं आणि त्याच्या तारा उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमात बुडालेल्या असतात. पण त्यातून मेंदूची ठेवण दिसायची, काम दिसायचं नाही. कामाची किल्ली रक्तात सापडली. प्राणवायू सोडून दिलेलं रक्त चुंबकाला किंचित ओढलं जातं, भरलेलं रक्त जात नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरियल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. १९९० मध्ये बेल लॅब्जच्या सेजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत हाच फरक एमआरआयच्या चित्रात पकडला. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की काही सेकंदांत तिकडे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त धावतं आणि चित्रातली ती जागा एक-दोन टक्क्यांनी उजळते. बस, एवढंच. या एक-दोन टक्क्यांवर एक अख्खं शास्त्र उभं आहे.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या विस्कॉन्सिन मेडिकल कॉलेजात पीटर बँडेटिनी आणि एरिक वाँग या दोन विद्यार्थ्यांनी, वाँगने स्वतः बांधलेली कॉइल डोक्याभोवती लावून, १४ सप्टेंबर १९९१ रोजी बोटं आपटणाऱ्या माणसाच्या मेंदूत हालचालीची जागा उजळताना पाहिली. याच प्रयोगशाळेत जेम्स हाइड यांच्या हाताखाली तो भारतीय विद्यार्थी, भरत बिस्वाल, काम करत होता.

बिस्वालच्या वाट्याला आलेलं काम दिसायला रुक्ष होतं. चित्रांमध्ये सतत खरखर असायची. रेडिओवर गाण्यामागे येते तशी. ती कमी करायची तर आधी ती कुठून येते हे समजायला हवं. हृदयाचे ठोके सेकंदाला एकाच्या आसपास, श्वास तीन-चार सेकंदांना एक. या दोघांची लय चित्रात मिसळत होती. ती स्वच्छ वेगळी काढण्यासाठी त्याने दर पाव सेकंदाला एक अशी ५१२ चित्रं घेतली. दोन मिनिटांहून जेमतेम जास्त असा खेळ. यंत्रात पडलेल्या माणसाला काहीही करायला सांगितलं नव्हतं, कारण खरखर मोजायची तर माणूस स्वस्थच हवा.

ठोके आणि श्वास बाजूला काढल्यावरही काहीतरी उरत होतं. एक लाट यायला दहा सेकंदांहून जास्त लागावेत असा फार संथ चढउतार. नेमकं हेच बाकी सगळे कचरा म्हणून फेकून देत. बिस्वालने तो फेकला नाही. आधी त्याने त्याच माणसाला हात हलवायला लावून हालचालीची जागा कुठे आहे ते ठरवून घेतलं. मग स्वस्थ असतानाच्या नोंदीत त्या जागेचा एक ठिपका धरला आणि विचारलं, मेंदूत आणखी कुठे हाच चढउतार, याच वेळी, याच चालीने होतो आहे?

उत्तर म्हणून जे चित्र उमटलं ते बोटं आपटतानाच्या चित्रासारखंच होतं. डाव्या बाजूची हालचालीची जागा आणि तिच्यापासून लांब, कवटीच्या दुसऱ्या टोकाला असलेली उजव्या बाजूची जागा, दोन्ही एका लयीत वरखाली होत होत्या. हात हलत नव्हता. त्याचा विचारही कुणी सांगितला नव्हता.

हे कसं शक्य आहे ते चिखलदऱ्याच्या कड्यावर रात्री उभं राहिलेल्या माणसाला चटकन समजेल. खाली परतवाडा, अचलपूर आणि पलीकडे मैदानभर गावांचे दिवे पसरलेले. तारा कुठून कुठे गेल्या आहेत ते अंधारात दिसत नाही. पण भारनियमनाच्या दिवसांत कड्यावर बसून नुसतं पाहत राहिलं, तर इथली चार गावं आणि तिकडे लांबची दोन एकदमच विझतात, एकदमच लागतात, हे ध्यानात येतं. मग कुणाला विचारावं लागत नाही की एकाच फिडरवर कोण कोण आहे. बिस्वालने मेंदूकडे असं पाहिलं. या उदाहरणात धोकाही आहे तसाच: दोन गावं एकदम विझली म्हणून त्यांच्यात सरळ तार आहे असं नाही. दोघांचा पुरवठा तिसरीकडून येत असू शकतो. मेंदूच्या बाबतीतही हा सावधपणा आजतागायत पाळावा लागतो.

बिस्वाल, झेरिन येटकिन, व्हिक्टर हॉटन आणि हाइड यांचा पाच पानांचा निबंध ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘मॅग्नेटिक रेझोनन्स इन मेडिसिन’ या नियतकालिकात आला. त्याचं स्वागत थंडच झालं. ठोक्यांचा आणि श्वासाचाच हा पडसाद आहे, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नव्हतं. ही शंका दूर करायला अनेक प्रयोगशाळांना पुढची सात-आठ वर्षं लागली.

तोवर दुसऱ्या बाजूने मार्कस राइकल येत होते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांचं काम मेंदूतला रक्तपुरवठा दाखवणाऱ्या पीईटी यंत्रावर चाले. माणसाला काम द्यायचं, मग स्वस्थ पडून राहायला सांगायचं, आणि दोन चित्रांची वजाबाकी करायची. वजाबाकीत जे उजळलं ते कामाचं. पण काही जागा उलट्या वागत. काम सुरू झालं की त्या मंदावत. मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मध्ये, मागच्या बाजूला अशी एक जागा होती, आणि जवळपास कोणतंही काम द्या, ती मंदावायचीच. २००१ मध्ये राइकल यांनी या जागांच्या समूहाला नाव दिलं, मेंदूची मूळ चाल, इंग्रजीत डिफॉल्ट मोड. आठवणी, स्वतःचा विचार, उद्याची काळजी, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, अशा वेळी याच जागा जाग्या असतात हे पुढे दिसत गेलं. एमआरआयच्या फळीवर पडून एसटीची वेळ आठवणाऱ्या काकाजींचा मेंदू याच चालीवर असतो.

२००३ मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल ग्रेशियस आणि विनोद मेनन यांनी या दोन वाटा एकत्र आणल्या. राइकल यांच्या त्या मागच्या जागेत ठिपका धरून त्यांनी बिस्वालची पद्धत लावली आणि अख्खं जाळं एकत्र वरखाली होताना दाखवलं. पुढच्याच वर्षी अल्झायमरच्या रुग्णांत हे जाळं सैल पडलेलं त्यांना दिसलं. त्यानंतर या विषयाकडे लोंढा वळला.

बिस्वाल तोवर न्यू जर्सीला प्राध्यापक झाले होते. २००९च्या डिसेंबरात त्यांनी आणि न्यूयॉर्कच्या मायकेल मिलहॅम यांनी जगभरच्या प्रयोगशाळांकडून स्वस्थ मेंदूंच्या नोंदी गोळा करून सगळ्यांना फुकट खुल्या केल्या. पुढच्या वर्षीच्या निबंधात ३५ केंद्रांतून आलेल्या १४१४ स्वयंसेवकांच्या नोंदी होत्या. बीजिंग, लाइपझिग, फिनलंडचं औलू, अशी कुठली कुठली गावं. यंत्रं वेगळी, माणसं वेगळी, तरी जाळी मात्र तीच उमटली. ज्या क्षेत्रात प्रत्येक जण आपली नोंद कपाटात कुलूप लावून ठेवत असे, तिथे हा मोठा उदारपणा होता, आणि आजचे कितीतरी तरुण संशोधक याच खुल्या नोंदींवर शिकले आहेत.

मग खऱ्या अर्थाने मोजणी सुरू झाली. २०११ मध्ये थॉमस यो आणि सहकाऱ्यांनी हजार जणांच्या नोंदींवरून मेंदूच्या सालीची सात मोठी जाळी आणि बारीक पाहिलं तर सतरा, अशी वाटणी केली. दोन जाळ्यांमधला धुरा कसा सापडतो? सालीवरच्या प्रत्येक ठिपक्याची एक यादी करायची, हा कोणाकोणाबरोबर लयीत आहे. शेजारच्या ठिपक्याची यादी जवळपास तशीच निघते. त्याच्या शेजारच्याचीही. असं सरकत जाता जाता एका ठिकाणी यादी एकदम बदलते. इकडे कपाशी होती, पाऊल टाकलं आणि तूर सुरू झाली. तिथे धुरा. २०१६ मध्ये सेंट लुईसच्याच मॅथ्यू ग्लासर आणि डेव्हिड व्हॅन एसेन यांच्या चमूने या लयीच्या याद्या, सालीची जाडी, तिच्यातलं चरबीचं वेष्टण आणि कामाच्या वेळची चित्रं असं सगळं जुळवून प्रत्येक अर्धगोलात १८० तुकडे आखले. त्यातले ९७ याआधी कुणी नोंदवलेले नव्हते. ब्रॉडमनच्या मातीवरच्या नकाशाला शंभरेक वर्षांनी पिकांची नोंद मिळाली.

हा नकाशा २१० निरोगी, तरुण अमेरिकनांच्या मेंदूंवरून निघाला. प्रत्येक जण तासभर नुसता पडून राहिला होता, पंधरा-पंधरा मिनिटं चार वेळा. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात उन्हातान्हात साठ वर्षं काढलेल्या, शाळा न पाहिलेल्या बाईच्या मेंदूचे धुरे याच जागी असतील का, हे त्या २१० जणांवरून ठरवता येणार नाही. तिच्यासारख्यांच्या नोंदी घेऊनच ते कळेल.

या इतिहासात एक प्रकरण असं आहे की त्याचा उल्लेख टाळून पुढे जाणं बरोबर नाही. सेंट लुईसच्याच एका प्रयोगशाळेने आधी मांडलं होतं की लहान मुलांच्या मेंदूत जवळजवळच्या जागांचे धागे दाट असतात आणि वय वाढतं तसे ते विरळ होऊन लांबच्या जागांचे धागे पक्के होतात. निष्कर्ष सुंदर होता आणि सगळीकडे गाजला. २०१२ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या जोनाथन पॉवर आणि स्टीव्हन पीटरसन यांनी स्वतःच्याच नोंदी पुन्हा उघडल्या. यंत्रात डोकं अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी जवळच्या जागांची लय खोटीच जुळते आणि लांबच्यांची खोटीच तुटते, असं त्यांना आढळलं. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त चुळबुळतात. म्हणजे वाढत्या वयाचा म्हणून जो बदल दाखवला होता, त्याचा मोठा हिस्सा नुसत्या चुळबुळीचा होता. त्यांनी हे लपवलं नाही, आपल्याच नावाने छापलं. म्हातारी माणसं, कंपवाताचे रुग्ण, अस्वस्थ मुलं, यांच्यावरचे जगभरचे निष्कर्ष त्यानंतर पुन्हा तपासावे लागले आणि सरकलेली चित्रं गाळण्याचे कडक नियम आले. ‘हालू नका बरं’ या वाक्याची किंमत त्या वर्षी साऱ्या शास्त्राला कळली.

वऱ्हाडातल्या माणसासाठी या पद्धतीचं मोल कशात आहे? मेंदूत गाठ असेल तर सर्जनला आधी माहीत हवं असतं की बोलण्याची आणि हातापायाची जागा गाठीपासून किती लांब आहे. नेहमीच्या पद्धतीत रुग्णाला यंत्रात काम द्यावं लागतं. पडद्यावरचे शब्द वाचा, एका अक्षराने सुरू होणारे शब्द मनात आठवा, चित्राचं नाव सांगा. आता रुग्ण मेळघाटातला कोरकू बोलणारा असला, किंवा वऱ्हाडी बोलणारा पण वाचता न येणारा, किंवा गाठीमुळे वाचाच गेलेला, तर हे काम तो कसं करणार? स्वस्थ मेंदूची नोंद घेताना त्याला काहीही करायचं नसतं. आठ-दहा मिनिटं पडून राहायचं. भाषा आड येत नाही, अक्षर आड येत नाही. बेशुद्धीचं हलकं औषध दिलेल्या लहान मुलाचीही नोंद घेता येते. काही मोठ्या केंद्रांत शस्त्रक्रियेच्या तयारीत ती वापरली जाते, आणि बंगळूरूच्या निम्हान्स, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रासारख्या भारतीय संस्थांत तिच्यावर संशोधन चालू आहे.

बिस्वालचा १९९५चा शोध ज्या यंत्रावर लागला तेही आपल्या जिल्ह्याच्या गावातल्यासारखं दीड टेस्लाचंच होतं. चुंबकाची ताकद ही अडचण नाही. नोंद घेण्याची पद्धत, ती उलगडणारा संगणक आणि त्यापुढे बसणारा शिकलेला माणूस, हे तीन हवेत. हेही तितकंच खरं की एका माणसाच्या आठ मिनिटांच्या नोंदीवरून त्याला अमुक आजार आहे असं सांगण्याइतकी ही पद्धत पक्की झालेली नाही. उदासी, विसराळूपणा, अस्वस्थपणा यांचं निदान मेंदूच्या रंगीत चित्रावरून करून देतो असं कुणी म्हणत असेल, तर त्याला पैसे देऊ नयेत.

शोध थांबलेला नाही. २०२० मध्ये सेंट लुईसच्या निको डोसेनबाख यांनी आणि आणखी दोघांनी आपल्या धडधाकट उजव्या हाताला दोन आठवडे प्लास्टर बांधून घेतलं आणि रोज अर्धा तास यंत्रात स्वस्थ पडून राहिले. काही दिवसांतच त्या हाताची जागा बाकीच्या हालचालीच्या जाळ्यापासून तुटू लागली आणि तिच्यात अधूनमधून आपोआप ठिणग्या उठू लागल्या, बंद पडलेल्या वाटेवर कुणीतरी कंदील घेऊन फेरी मारावी तशा. प्लास्टर निघाल्यावर ती जागा पुन्हा जाळ्यात मिसळली.

२०२३ मध्ये याच गटाने, इव्हान गॉर्डन यांच्या पुढाकाराने, पेनफिल्डांच्या त्या प्रसिद्ध नकाशाला हात घातला. पाय, हात आणि तोंड असं शरीर सलग ओळीने मांडलेलं आहे, असं नव्वद वर्षं शिकवलं जात होतं. स्वस्थ मेंदूच्या तासन्‌तास घेतलेल्या नोंदींत त्या ओळीत प्रत्येक बाजूला तीन खंड दिसले. हे तीन तुकडे कोणत्याही एका अवयवाचे नाहीत. ते एकमेकांशी लयीत असतात आणि बेत आखणाऱ्या, श्वास नि ठोके सांभाळणाऱ्या भागांशी जोडलेले असतात. हे जाळं केव्हा तयार होतं ते पाहण्यासाठी त्यांनी लहान मुलांच्या नोंदीही पाहिल्या. नुकत्याच जन्मलेल्या बाळात ते दिसलं नाही. अकरा महिन्यांच्या बाळात दिसलं. इतक्या लहान बाळांना यंत्रात नेताना कुठलीच सूचना देता येत नाही. त्यांना पोटभर पाजतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात, कान झाकतात, आणि झोप लागली की हलक्या हाताने फळीवर ठेवतात.